कॅसेटची बी बाजू

पुरुषही धंदा करतात, हे मला वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, सदाशिव पेठेत, दरमहा पगारावर कळलं. कळलं असं आपलं म्हणायचं. त्याच्या नऊ वर्षं आधी ती गोष्ट आमच्याच घरात घडली होती, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका जुन्या इमारतीत खाली शाळकरी मुलांचे स्कॉलरशिपचे क्लास चालायचे आणि वरच्या दोन खोल्यांत आमचा अभ्यास, म्हणजे संशोधनाचं काम. खालून गणितं समजावणाऱ्या मास्तरांचा आवाज यायचा, आणि मी कानाला हेडफोन लावून, पायाखालचं टेपचं पेडल दाबत, शरीरविक्री करणाऱ्या पुरुषांच्या मुलाखती टाइप करायचे. घरी सांगितलं होतं, आरोग्याचं काम आहे. ते अगदीच खोटं नव्हतं. एड्सच्या धास्तीनं कुठून तरी पैसा आला होता आणि पैशामागून प्रश्नावली आली होती.

घर म्हणजे विश्रांतवाडीच्या पलीकडचं आमचं गाव, शहरानं गिळून टाकलेलं. घरात आई आणि मी. वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते. माझं लग्न झालं नव्हतं. का, असं कुणी विचारलं तर मी म्हणायचे, 'तुमच्या पाहण्यात आहे का कुणी?' मग विचारणारा घाईनं विषय बदलायचा.

माझ्याहून दोन वर्षांनी लहान भाऊ होता. तो बावीस वर्षांचा असताना गावातल्या एकानं त्याला स्वारगेटच्या स्टँडमागं पुरुषांबरोबर पाहिलं, आणि पाहिलं ते मीठमसाला लावून वडिलांना येऊन सांगितलं. तो गाववाला स्वतः तिथं काय करत होता, हे मात्र कुणी विचारलं नाही. वडील भावाला म्हणाले, "आजपासनं तू आमाला मेलास." भाऊ त्यांच्याकडं पाहत नव्हता, माझ्याकडं पाहत होता. मी एक शब्द बोलले असते तर काय झालं असतं, देव जाणे. मी आत गेले. चहा उकळला तेव्हा तो गेलेला होता.

त्यानंतर नऊ वर्षं त्याचा पत्ता नव्हता. मी रोज बसनं शहरात जायचे, म्हणून आईला वाटायचं शहर म्हणजे एखादी आळीच. दर सणाला ती विचारायची, "तुला कुटं दिसला का गं त्यो?" मी म्हणायचे, नाही. खरं सांगायचं तर मी बघतच नव्हते. बसमध्ये खिडकीशी बसून मी पुस्तकात डोकं खुपसायचे. त्याला शोधायचं म्हणजे तो कुठं सापडेल याचा विचार करायचा, आणि तो विचार मला करायचा नव्हता.

आमचा अभ्यास चालवायच्या त्या बाई कॉलेजात समाजशास्त्र शिकवून तिथं आल्या होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. पैसे देणाऱ्यांना रोगात रस होता, मॅडमना इतिहासात. त्या म्हणायच्या, बायकांच्या धंद्याच्या निदान खुणा राहतात. गल्ली असते, माड्या असतात, शेजाऱ्यांच्या तक्रारी असतात. पुरुषांचं काहीच राहत नाही. पोलिसांच्या कागदात तो 'विनाकारण फिरताना आढळला', दवाखान्याच्या कागदात 'अविवाहित, हॉटेल कामगार'. म्हणजे धंदा करणारा पुरुष या शहरात कधी नव्हताच, कागद तरी तसंच म्हणतात. मग काय करायचं? जे जिवंत आहेत त्यांना विचारायचं.

विचारायचं तरी कोणत्या शब्दानं, यावर एकदा निम्मा दिवस गेला. मॅडमनी सुचवलेले शब्द इतके जड होते की त्यांना स्वतःलाच हसू आलं. शेवटी मुलाखती घेणारा आमचा कार्यकर्ता म्हणाला, "मॅडम, ते आपसात नुसतं 'काम' म्हणतात. कामावर जातो, आज काम नाही. तेच लिहा की." हा कार्यकर्ता चाळिशीचा, बुटका, कायम इस्त्रीच्या शर्टात. पूर्वी तोही मालिश करायचा, आणि 'मालिश'मध्ये काय काय येतं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. लोक त्याच्याशी बोलायचे ते त्यामुळंच.

एका कॅसेटवर सत्तरीचा म्हातारा होता. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमाराला पुण्यात आलेला. तो म्हणाला होता, "तेलाची बाटली हातात असली की पोलीस अडवायचा न्हाई. बाटली हेच आमचं लायसन." आणि मग, कार्यकर्त्यानं पुढचा प्रश्न विचारायच्या आत, "पन्नास वर्षांत कुनी जेवलास का म्हनून इचारलं न्हाई. आता रोग आला, तर मशीन घिऊन आलात." मॅडमनी ते वाक्य स्वतःच्या हातानं वहीत उतरवून घेतलं. मला तेव्हा त्या म्हाताऱ्याचा रागच आला होता. इतकं सगळं करून वर तोंड करून बोलतो, असं वाटलं होतं. मी अशी होते.

आता आमची कामाची पद्धत सांगते, कारण सगळं तिथंच घडलं. कॅसेटवर नाव नसायचं, नुसता नंबर. नंबर कुणाचा, ते एका रजिस्टरमध्ये, आणि रजिस्टर मॅडमच्या कुलपात. आम्ही टायपिस्ट दोघी होतो. कॅसेटची ए बाजू शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडं, बी बाजू माझ्याकडं. एका माणसाची पूर्ण गोष्ट एका टायपिस्टच्या कानात जाऊ नये, म्हणून मॅडमनी ही शक्कल काढली होती. ए बाजूवर लहानपण, घर, आईवडील. बी बाजूवर काम, गिऱ्हाइकं, दुखणी. आम्ही एकमेकींशी त्याबद्दल बोलायचं नाही. टाइप करताना माणसांची आणि ठिकाणांची नावं काढायची. स्वारगेट आलं तर लिहायचं 'जागा १', बाग आली तर 'जागा २'. प्रत्येक मुलाखतीला आकडे नव्यानं सुरू. कोणती जागा म्हणजे काय, ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवायचं, आणि अहवाल छापून झाला की चिठ्ठ्या फाडायच्या. टायपिंग तपासून झालं की कॅसेट पुसायची, म्हणजे तिच्यावर कोरा आवाज भरायचा. पुसायचं काम माझ्याकडं होतं.

चिठ्ठ्या मात्र मी त्याच दिवशी संध्याकाळी फाडायचे. अहवालाची वाट कशाला पाहायची? मला वाटायचं, मी मॅडमपेक्षाही जपून वागते. हा माझा जुना दोष. नियमानं एक बोट मागितलं की मी हात काढून द्यायचे, आणि वर त्याला प्रामाणिकपणा म्हणायचे.

अहवालाची प्रुफं माझ्याकडं आली, कारण माझं शुद्धलेखन बरं. एका दुपारी मी लहानपणाचं प्रकरण तपासत होते. ए बाजूंचं. पहिल्यांदाच मी ती वाचत होते. एकाचे शब्द अवतरणात दिले होते, खाली मुलाखतीचा नंबर.

त्यात लिहिलं होतं: 'रान विकलं तरी आई वर्षभर दुपारची भाकरी घेऊन रानात जायची. तिथं इमारतीचं काम चालू होतं. लोक हसायचे. ती वॉचमनला भाकरी देऊन परत यायची. मी तिला आणायला जायचो. आता मीच घरात नाही, तर ती कुठं कुठं जात असेल.'

मी ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. आमचं रान विकून तिथं सोसायटी झाली होती. त्या वॉचमनला मी ओळखत होते. नेपाळी होता, आईला आम्मा म्हणायचा.

मी प्रुफं उलटी करून ठेवली. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय झालं हो? मी म्हटलं, पित्त. मग कपाटातून त्याच नंबरची बी बाजू काढली, माझी, मी टाइप केलेली. चार महिन्यांपूर्वीची. म्हणजे चार महिन्यांपूर्वी माझा भाऊ पाऊण तास माझ्या कानात बोलत होता, आणि मी पेडल दाबून त्याला थांबवत होते, मागं नेत होते, पुन्हा बोलायला लावत होते. आणि मला कळलं नव्हतं.

कसं कळलं नाही? मी स्वतःला हे हजारदा विचारलं आहे. तो निम्मं हिंदीत बोलत होता, मागं बसगाड्यांचा गोंगाट होता, त्याला खोकला होता. मी कागदावर जागोजाग कंसात 'खोकला' असं लिहिलं होतं. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि त्यातलं एकही मला पुरत नाही. आपल्या पाठच्या भावाचा आवाज माणूस खोकल्यातूनही ओळखतो. मला ओळखायचा नव्हता म्हणून मी ओळखला नाही, असं मला रात्रंदिवस वाटतं.

कागदावर होतं: 'दिवसा जागा ३ला असतो. झोपायला जागा ४, तिथं एक जण ठेवून घेतो.' पुढं: 'डॉक्टर म्हणाले भरती व्हा. सहीला नातेवाईक आणा म्हणाले. मी म्हटलं कुणी नाही.' कार्यकर्त्यानं विचारलं होतं, 'कुणीच नाही?' त्यावर उत्तर: 'एक आहे. तिला नको.'

हे मी माझ्या बोटांनी टाइप केलं होतं. तेव्हा वाटलं होतं, असेल कुणी बायको, गावाकडं सोडलेली. वाटलं, आणि मी पुढचा प्रश्न टाइप केला.

जागा ३ म्हणजे कुठं? जागा ४ म्हणजे काय? चिठ्ठी मी फाडली होती. कॅसेट मी पुसली होती. टेबलावर कपाळ टेकून मी आठवायचा प्रयत्न केला. बाग? नदीकाठ? एखादं थिएटर? इतक्या मुलाखतींत इतक्या जागा येऊन गेल्या होत्या की सगळं पुणंच माझ्या डोक्यात आकड्यांचं झालं होतं.

मी मॅडमकडं गेले आणि रजिस्टर मागितलं. कारणही सांगितलं. नऊ वर्षांत ते मी पहिल्यांदा कुणाला सांगत होते. मॅडमनी मला खुर्चीवर बसवलं. मग म्हणाल्या, "अहो, रजिस्टर प्रुफं आली त्याच दिवशी फाडलं. आपण शब्द दिला होता सगळ्यांना." मी म्हटलं, तुम्हाला आठवत असेल. "आठवत असतं तरी सांगितलं नसतं. तुम्ही बहीण आहात, मी मानते. पण उद्या कुणाचा बाप काठी घेऊन येईल आणि म्हणेल, मी बाप आहे. तेही खरंच असेल." माझे वडील असते तर ते काठी घेऊनच आले असते.

पण बाई दगडाच्या नव्हत्या. कार्यकर्ता तेव्हा दुसऱ्या गावी कामाला लागला होता. त्यांनी त्याला माझ्यासमोर फोन लावला. तो आठ दिवसांनी येतो म्हणाला. का कुणास ठाऊक, फोनवर तो फार काही बोलला नाही.

आठ दिवस थांबणं मला जमलं नाही. भावाचा जुना फोटो पर्समध्ये घालून मी कामावरून सुटले की हिंडायचे. स्वारगेटच्या स्टँडवर, बागांच्या फाटकांशी, पुलाखाली. आयुष्यभर ज्या जागा टाळल्या तिथं मी साडीचा पदर खोचून उभी राहायचे. मला पाहून पुरुष पांगायचे. कुणाला वाटत असेल पोलिसांची बाई, कुणाला वाटत असेल कुणाची तरी बायको. स्टँडमागं एक मालिशवाला तेलाच्या बाटल्या वाजवत फिरत होता, त्याला मी गाठलं. तो म्हणाला, "बाई, आम्ही लेडीज करत नाही." मी फोटो पुढं केला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आधी ते आत ठेवा. आजवर किती जणांना दाखवला?"

मी म्हटलं, बऱ्याच जणांना.

"मग आता हा इथं असला तरी उद्यापासून दिसायचा नाही. घरचं माणूस फोटो घेऊन फिरायला लागलं की आमचा माणूस गाव सोडतो. तुम्ही शोधत नाही आहात, हाकलताय त्याला."

मी तिथंच फुटपाथवर बसले आणि रडले. लोक पाहत होते, पाहू देत. रडत रडत मी देवाला म्हटलं, तो सापडला नाही तरी चालेल, फक्त त्याला कुणीतरी भरती करून घेऊ दे. दुसऱ्या दिवशी मी सरकारी दवाखान्यांच्या चकरा सुरू केल्या. खिडकीवरचा माणूस विचारायचा, पेशंटचं नाव? मी नाव सांगायचे. तसं कुणी नाही. खरं नाव सांगून दवाखान्यात जाणारा माणूस त्या कामात असतो का, हे मी इतक्या कॅसेटी ऐकूनही विसरले होते.

आठव्या दिवशी कार्यकर्ता आला. ऑफिसात बोलायला नको म्हणाला. आम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसलो. त्यानं दोन चहा सांगितले आणि मग बराच वेळ साखरेच्या भांड्याकडं पाहत राहिला. तेव्हाच मला कळलं, पण मी त्याला बोलू दिलं. कुणाच्या तरी तोंडून ते यायलाच हवं होतं.

मुलाखतीनंतर पंधरा दिवसांनी भाऊ कार्यकर्त्याच्या खोलीवर आला होता. चालता येत नव्हतं. कार्यकर्त्यानं रिक्षात घालून त्याला दवाखान्यात नेलं. "फॉर्मवर रुग्णाशी नातं असा रकाना असतो," तो म्हणाला. "मी भाऊ लिहिलं. रागावू नका, ताई. दुसरं काय लिहिणार?" भाऊ नऊ दिवस होता. शेवटचं सगळं कार्यकर्त्यानं आणि आणखी दोघांनी केलं. वर्गणी काढून, रीतीप्रमाणं.

मी हिशोब केला. मी बी बाजू टाइप केली तो आठवडा आणि तो रिक्षातून गेला तो आठवडा एकच होता. तिकडं तो सहीला माणूस शोधत होता आणि इकडं मी त्याची वाक्यं टाइप करत होते.

"माझ्याबद्दल काही बोलला का?" मी विचारलं.

कार्यकर्ता म्हणाला, "मी विचारलं होतं, घरी कळवू का. नको म्हणाला. म्हणाला, बहिणीचं लग्न झालं असेल, सासरी कळलं तर तिचं नुकसान होईल." आणि पुढं, "एकच गोष्ट सारखी विचारायचा. माझी कॅसेट पुसली ना? मी म्हटलं, पुसली. आमच्याकडं एक बाई आहेत, कामाला फार चोख. तेव्हा त्याला बरं वाटलं."

मी चहा तसाच ठेवून उठले.

आईला सांगावं की नाही, हे मी कुणाला विचारलं नाही. नऊ वर्षं मी तोंड बंद ठेवून पाहिलं होतं, त्यातून जे निष्पन्न झालं ते समोर होतं. त्याच दिवशी घरी गेल्यावर मी आईला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. काम म्हणजे कसलं काम तेही सांगितलं. ती ओरडेल, ऊर बडवेल असं वाटलं होतं. ती जमिनीवर बोटानं काहीबाही रेघा ओढत ऐकत राहिली. 'काम' तिला कितपत समजलं, माहीत नाही. कदाचित माझ्याआधीच समजलं असेल.

मग म्हणाली, "तू आयकलास त्येचा आवाज?"

"हो."

"कसा हुता?"

मी डोळे मिटून आठवायला लागले. वाक्यं सगळी आठवत होती, स्वल्पविरामासकट. आवाज येईना. बावीस वर्षांच्या पोराचा यायचा, हाक मारायचा, 'अक्का' म्हणायचा. एकतिशीतला येईना. पाऊण तास कानात असलेला आवाज मी नीट टाइप करून, तपासून, पुसून टाकला होता.

"खोकला होता त्याला," मी म्हटलं. "बोलताना सारखा खोकत होता."

आई म्हणाली, "मग पानी दिलं का कुनी?"

माझ्या कागदावर तसं काही नव्हतं.

"दिलं," मी म्हटलं.